दुष्काळी गावचा नाविक

नौकानयन हा पाण्यावरचा खेळ. परंतु त्यात देशाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या चौघांपैकी श्री. दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या अवर्षणप्रवण गावचे. तरुणपणी वडिलांबरोबर त्यांनी विहिरी खोदल्या, दगड फोडले. २०११ मध्ये वडील निवर्तले. २०१२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि तेथेच वल्हे प्रथम त्यांच्या हाती आले. आरंभी त्यांना पाण्याचे भय वाटे. तरीही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी प्रकारात त्यांनी तेरावे स्थान मिळविले.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रकृती बिघडल्याने एकेरीत ते सहावे आले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासमवेत २,००० मीटर अंतर ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला.

श्रमाने घडलेली शरीरे गावोगावी आहेत. सैन्यभरती झाली नसती, तर हा गुण विहिरीच्या कामावरच राहिला असता. ही पारख शाळेच्या मैदानावरच व्हावी, हे शिक्षकांचे व पंचायतींचे कर्तव्य होय.