हात वर केले म्हणजे सुटला का?

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. धंद्यात खोट आली तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडून घाऊक व्यापाऱ्याचं देणं फेडलं. आमच्याच पेठेतल्या एकाने मात्र सरळ कोर्टात नादारीचा अर्ज केला. त्याच्याकडे माझे एक लाख अडकले आहेत. घेतलेलं कर्ज न फेडण्याची मुभा कायदा देतोच कशी? आणि याला न्याय म्हणायचं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पाटल्या मोडून देणं चुकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. म्हणून आधी तुमच्या एक लाखाचाच हिशेब मांडू.

समजा, त्या माणसाचं देणं 10 लाखांचं आहे : बँकेचे 6 लाख, घाऊक व्यापाऱ्याचे 3 लाख आणि तुमचा 1 लाख. तारण कोणाकडेच नाही. त्याचं होतं-नव्हतं ते विकून 4 लाख उभे राहतात. नादारीचा कायदा नसता, तर ज्याने आधी दार ठोठावलं किंवा ज्याचा आवाज मोठा, तो आपली रक्कम उचलून गेला असता आणि मागून येणाऱ्याला रिकामी फडताळं दिसली असती. कायदा ही पळापळ थांबवतो. माणूस नादार जाहीर झाला, की मालमत्ता त्याच्या हातातून निघून न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. आधी कामकाजाचा खर्च, सरकारी देणी आणि नोकरांचा ठरावीक पगार भागवला जातो, उरलेलं सगळ्या धनकोंना समप्रमाणात मिळतं. आपल्या उदाहरणात हे आधीचे खर्च बाजूला ठेवले, तर रुपयाला 40 पैसे पडतात. बँकेला 2 लाख 40 हजार, व्यापाऱ्याला 1 लाख 20 हजार, तुम्हाला 40 हजार. म्हणजे या कायद्याची पहिली राखण ऋणकोची नाही. ज्याचा आवाज लहान, त्या धनकोची आहे.

कायद्याचा आधार म्हणाल, तर राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत दिवाळखोरी आणि नादारी हा विषय 9व्या नोंदीत आहे. मुंबई शहराला 1909 चा कायदा लागू होतो. तुमच्या बार्शीसारख्या ठिकाणी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो.

आता तुमच्या मनातली खरी सल. अर्ज केला म्हणजे माणूस सुटला, असं नाही. नादार ठरणं वेगळं आणि देण्यातून मुक्त होणं वेगळं. मुक्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि तिथे त्याच्या वागण्याची झडती होते. मालमत्ता रुपयात 50 पैसेही भरत नसेल, तर तसं होण्यात आपला दोष नव्हता, हे त्याला पटवून द्यावं लागतं. वह्या नीट ठेवल्या नव्हत्या, बुडालो हे कळूनही धंदा चालू ठेवला, सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली, असं सिद्ध झालं तर बिनशर्त मुक्ती मिळत नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत जमीन फुकट मेव्हण्याच्या नावावर केली असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. एकाच लाडक्या धनकोचं देणं शेवटच्या तीन महिन्यांत मुद्दाम चुकतं केलं असेल, तर तेही. मुक्ती मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं आणि बायको-मुलांची न्यायालयाने ठरवलेली पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही.

राहिला न्यायाचा प्रश्न. मी या कायद्याच्या बाजूने उभा आहे आणि त्याचं कारण आपल्याच मातीत आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. कर्जालाही कुठेतरी हद्द असते, हे आपल्या लोकांना ठाऊक होतं. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात तेच सांगितलं : ज्याच्याकडे खरोखर काही नाही, त्याला केवळ देणं थकलं म्हणून तुरुंगात घालता येणार नाही. जप्तीतही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. सुताराची करवत विकून धनकोला शंभर-दोनशे रुपये मिळतील, पण त्या घराचं उद्याचं जेवण जाईल.

मला अन्याय दिसतो तो दुसरीकडे. 1920 च्या कायद्यात 500 रुपये देणं असलं की अर्ज करता येतो आणि नोकराच्या थकलेल्या पगाराला प्राधान्य मिळतं ते फक्त 20 रुपयांपुरतं! 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अगदी गरिबांसाठी नव्या सुरुवातीची तरतूद लिहिली गेली : वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, कर्ज 35 हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नको. ते दार उघडलंच नाही. व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरताच. कंपनीला नवा कायदा आणि किराणा दुकानदाराला शंभर वर्षांपूर्वीचा, ही विषमता मला सलते.

शेवटी तुमच्या घरातलं. पाटल्या तुमच्या पत्नीचं स्त्रीधन असतील आणि त्या स्वतः जामीन राहिल्या नसतील, तर तुमच्या धंद्याच्या देण्यासाठी त्या पाटल्यांवर कोणाचाही हक्क नव्हता. तुम्ही दोघांनी कायद्याने मागितल्यापेक्षा जास्त दिलंत. तो मोठेपणा तुमचा आहे, पण तो प्रत्येकावर सक्तीने लादता येत नाही. कायदा एवढंच मागू शकतो की, जे आहे ते सगळं खरं सांग आणि सगळ्यांसमोर ठेव. पेठेतल्या त्या माणसाने तसं केलं आहे का, हे तपासायचा हक्क तुम्हाला आहे. उधारीची वही घेऊन न्यायालयात जा, आपल्या एक लाखाची नोंद करून घ्या. तो मुक्ती मागायला येईल त्या दिवशीही हजर राहा. काही लपवलेलं ठाऊक असेल, तर ते तिथे सांगा. तुमची हरकत न्यायालयाला ऐकावीच लागते.