वल्मीकज छत्राक : परीक्षा, संग्रह आणि जतन

मृगाच्या सरी स्थिरावल्या की कोकण, गोमंतक आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजारांत पानांच्या द्रोणांतून अळंबी विक्रीस येऊ लागते. गोमंतकात तिला अळमी, तर विदर्भाच्या काही भागांत रानातील अळंब्यांना सात्या किंवा टेकोडे म्हणतात. वारुळावर उगवणारी अळंबी ही यांतील सर्वांत आवडती. आहारद्रव्य म्हणून रुग्ण तिच्याविषयी वैद्याला विचारतो. वाळवलेली अळंबी आता औषधालयांच्या दारीही येऊ लागली आहे. म्हणून या द्रव्याची परीक्षा कशी करावी, याचा क्रमवार विचार येथे मांडला आहे.

शास्त्रीय उल्लेख

चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजातींचे गुण सांगितले आहेत. त्या मधुर, शीत, गुरु आणि पीनसकारक मानल्या आहेत. सुश्रुताचार्यांनी उद्भिद शाकांचे पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि भूमी या अधिष्ठानांनुसार पाच भेद करून प्रत्येकाचे गुण वेगळे दिले. भूमिज छत्राक गुरु असून फारसे वातल नाही, आणि ज्या भूमीत ते उगवते त्या भूमीनुसार त्याचा अनुरस ठरतो, असे त्यांचे मत आहे. भावमिश्रांनी संस्वेदज शाकांना शीत, पिच्छिल, गुरु आणि दोषकर म्हटले असून छर्दी, अतिसार, ज्वर व कफरोग यांचे ते कारण होते, असे बजावले आहे. स्वच्छ जागी, काष्ठावर, वेळूवर किंवा गोठ्यात उगवलेली पांढरी छत्राके मात्र त्यांनी फारशी दोषकर मानली नाहीत.

यातील सुश्रुतांची दृष्टी व्यवहारात अतिशय उपयोगी आहे : छत्राक ओळखताना प्रथम त्याचे अधिष्ठान पाहावे. भावमिश्रांचे वचन मात्र 'पांढरी ती निर्दोष' एवढ्याच अर्थाने घेतले, तर घात होईल. अत्यंत विषारी अमॅनिटा वर्गातील कित्येक जाती शुभ्र असतात. शेणखताच्या जागी व गवताळ मैदानात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही जातीही वरून पांढरीच दिसते, आणि ती तीव्र छर्दी-अतिसार उत्पन्न करते. वर्ण हे परीक्षेचे एक अंग आहे, निर्णय नव्हे.

वारुळाशी असलेले नाते

वल्मीकज छत्राकाच्या वर्गास फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली टर्मिटोमायसिस हे नाव दिले. वाळवी पालापाचोळा व लाकडाचे कण खाऊन आपल्या मळापासून वारुळाच्या पोटात सच्छिद्र पिंड रचते आणि त्यावर हे कवक वाढवते. कवक त्यातील काष्ठमय भाग पचनयोग्य करते व वाळवीचे पोषण होते. पर्जन्यकाळी त्याच पिंडापासून देठ निघून माती भेदत वर येतो. कवक वाळवीवर इतके अवलंबून असल्यामुळे बाजारातील धिंगरी अळंबीप्रमाणे याची व्यापारी लागवड साधलेली नाही. जे मिळते ते रानातूनच मिळते.

औषधी वनस्पतींच्या संग्रहासाठी सुश्रुतांनी वारुळाची भूमी वर्ज्य सांगितली आहे. हे द्रव्य मात्र तेथेच जन्मते. म्हणून त्यास औषधी वनस्पतीचे नियम न लावता शाकवर्गातील स्वतंत्र आहारद्रव्य मानणेच योग्य.

परीक्षा

पुढील लक्षणे एकत्र आढळली, तरच द्रव्य स्वीकारावे.

१. अधिष्ठान : वारूळ अथवा वारुळाजवळची जमीन. अनेकदा वारूळ भूमिगत असते व वर उंचवटा दिसत नाही.

२. मूळ : देठ जमिनीखाली निमुळता होत लांबवर जातो आणि वारुळातील पिंडापर्यंत पोहोचतो. हे मुख्य लक्षण होय.

३. टोपी : मध्यभागी टोकदार, कठीण उंचवटा असतो, माती भेदण्याचे काम तोच करतो.

४. पडदे : टोपीखालील पडदे देठास चिकटलेले नसतात. ते प्रथम पांढरे असून पुढे गुलाबी छटा घेतात.

५. बीजाणूंचा ठसा : टोपी देठापासून कापून पांढऱ्या कागदावर पालथी घालावी व वर वाटी झाकावी. रात्रभरात गुलाबी ठसा उमटतो.

६. पिशवीचा अभाव : देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण नसावे. ते असल्यास द्रव्य टाकून द्यावे.

एकच लक्षण पुरेसे का नाही, हेही ध्यानात घ्यावे. मुळासारखा लांब देठ इतर काही जातींतही असतो, पण त्यांचा ठसा पांढरा येतो. गुलाबी ठसा एंटोलोमा या विषारी जाती असलेल्या वर्गातही मिळतो. तेथे पडदे देठास जोडलेले असतात. अमॅनिटाचा ठसा पांढरा, तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट असतो. वारुळावर थव्याने उगवणाऱ्या अगदी लहान टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस या जातीस असे स्पष्ट लांब मूळ नसते. औषधालयाने ती या कसोटीवर घेऊ नये.

चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का, किड्यांनी खाल्ली आहे का, या घरगुती परीक्षा सर्वथा त्याज्य आहेत. अमॅनिटाचे घातक विष उकळल्याने अथवा वाळवल्यानेही नष्ट होत नाही.

संग्रह

द्रव्यांची नावे व रूपे वनात राहणाऱ्यांकडून जाणून घ्यावीत, हा संहितांचा उपदेश येथे शब्दशः लागू पडतो. अनुभवी संग्राहकासोबत निदान एक पावसाळा वारुळे पाहावीत. प्रत्येक छत्राक बुडाशी धरून हलके पिळत ओढावे, म्हणजे मुळाचा भाग सोबत येतो. वारूळ खणू नये. ते मोडल्यास पुढील वर्षांचे पीकही जाते. पूर्ण उमललेली काही छत्राके बीजाणूंसाठी जागीच राहू द्यावीत. अभयारण्यातून परवानगीवाचून संग्रह करणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार निषिद्ध आहे. रस्त्याकडेची व कीटकनाशक फवारलेल्या बागेतील छत्राके घेऊ नयेत. वाहतुकीस बांबूची टोपली घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात.

जतन

ताजी अळंबी त्याच दिवशी शिजवावी. साठवायची असल्यास माती ब्रशने झाडून उभ्या पातळ चकत्या कराव्यात. पाण्यात भिजत ठेवू नये. पावसाळ्यातील ऊन भरवशाचे नसल्याने ४५ ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या शुष्ककात, अथवा कोकणातील रीतीप्रमाणे चुलीच्या वर, चकती कटकन मोडेपर्यंत वाळवावी. ताज्या द्रव्यात सुमारे नऊ दशांश पाणी असते. त्यामुळे एक किलोचे साधारण १०० ग्रॅम उरते. थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे. आठ दिवसांनी चकती लवचीक लागल्यास पुन्हा वाळवावी. बुरशी आल्यास टाकावी. पुरेसे आम्ल न घालता तेलात बुडवून साठवू नये. तशा वायुरहित अवस्थेत बोट्युलिनम विष तयार होऊ शकते.

वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो आणि हे शाक गुरु व शीत आहे. म्हणून ते नीट शिजवून, लसूण, मिरे व आले यांच्या संस्काराने, अल्प मात्रेत द्यावे. पीनस, कास व मंदाग्नी असलेल्यांस टाळावे.

विषबाधेची शंका आल्यास

खाल्ल्यापासून उलटी-जुलाब सुरू होईपर्यंत किती तास गेले, हा पहिला प्रश्न विचारावा. सहा तासांच्या आत सुरू झालेली लक्षणे बहुधा आमाशय-पक्वाशयापुरती राहतात, तरी जलक्षय गंभीर होऊ शकतो. सहा ते चोवीस तासांनी सुरू झालेले छर्दी-अतिसार अमॅनिटाची शंका उत्पन्न करतात. यात दुसऱ्या दिवशी रुग्णास बरे वाटते आणि त्याच काळात यकृताचा नाश होत असतो. हा उपशम आरोग्याचे लक्षण मानू नये. घरी वमन-विरेचनात वेळ न दवडता, यकृताच्या तपासण्या व अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. अनेक जाती एकत्र खाल्ल्या असल्यास लवकर सुरू झालेल्या लक्षणांवरही विसंबू नये. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत द्यावी व तेच अन्न खाणाऱ्या सर्वांस तपासावे.

औषधालयांसाठी

अळंबीचे चूर्ण विकत घेऊ नये. चूर्णात मूळ, पडदे, टोपी आणि पिशवी यांपैकी काहीच दिसत नाही. भेसळ उघड्या डोळ्यांना ओळखताच येत नाही. माल संपूर्ण, मुळासकट आणि ताजा पाहावा, ठसा घ्यावा आणि आपल्या देखरेखीखाली वाळवावा. संग्राहकाचे नाव, गाव व दिनांक नोंदवून प्रत्येक टोपलीतील एक अखंड नमुना जपावा. हे जमत नसेल तर द्रव्य ठेवूच नये. शाकवर्गातील एका पदार्थावाचून कोणाची चिकित्सा अडत नाही. अज्ञात द्रव्य दिल्याने मात्र प्राणहानी होऊ शकते.