‘सेंडर’, प्रेषक आणि पाठविणारा : एका संज्ञेची चिकित्सा

इंग्रजीतील ‘सेंडर’ या शब्दाला ‘प्रेषक’ हा मराठी पर्याय पाकिटावर निर्वेधपणे चालतो. समीक्षेत मात्र तो घोटाळा करतो. पदव्युत्तर वर्गात याकबसनचा ‘अ‍ॅड्रेसर’ (१९६०), ग्रेमासच्या कथनमीमांसेतील ‘सेंडर’ (१९६६) आणि प्रॉपचा ‘डिस्पॅचर’ (१९२८) या तिघांसाठी विद्यार्थी सर्रास ‘प्रेषक’च लिहितात. (उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नकोच.) याकबसनची संज्ञा उक्तीच्या कर्त्याची आहे, उरलेल्या दोन, कोणाला तरी कार्यासाठी निघायला लावणाऱ्याच्या.

हा भेद रामायणात स्वच्छ दिसतो. वानरांना चारी दिशांना धाडतो तो सुग्रीव; अंगठी देऊन सीतेपर्यंत आपली खूण पोहोचवू पाहतो तो राम. दोघांनाही ‘प्रेषक’ म्हटले की किष्किंधाकांडातील सत्तासंबंधच पुसला जातो. ‘मेघदूता’त यक्ष या दोन्ही भूमिका एकटाच निभावतो, म्हणून तेथे अडचण जाणवत नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची परंपरागत कथा तर याहून उद्बोधक आहे. मायना काय लिहावा हे न ठरल्याने कागद कोराच गेला. म्हणजे पाठविणारा आहे, उक्ती नाही. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. तेथे उक्ती ज्ञानदेवांची, प्रेरणा निवृत्तिनाथांची.

व्युत्पत्तीही हेच सुचविते. ‘सेंड’ हा धातू मूळ जर्मानिक भाषेत ‘जाणे’ या अर्थाच्या धातूचे प्रयोजक रूप होता. आपले ‘पाठविणे’ संस्कृत ‘प्रस्थापय’पासून प्राकृत ‘पट्ठव’मार्गे आले; त्याचाही अर्थ ‘प्रस्थान करावयास लावणे’ असाच. ‘प्रेषित’ हा शब्द मराठी बायबलने ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथनामात योजिला. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही ‘पाठविलेला’ असाच असल्याने ती योजना अचूक ठरते. पाठविलेल्याचे महत्त्व तेथे पाठविणाऱ्यामुळे आहे.

तेव्हा याकबसनसाठी ‘संबोधक’, ग्रेमाससाठी व्याकरणातून परिचित असलेली ‘प्रयोजक’ ही संज्ञा आणि प्रॉपसाठी सरळ ‘पाठविणारा’ अशी विभागणी करावी, असे मला वाटते. ‘पाठविणारा’ हा शब्द शास्त्रीय वाटत नाही, असा आक्षेप येईल. पण प्रॉप लोककथांविषयीच बोलत होता. ‘प्रेषक’ टपालाकडेच राहू द्यावा.