आधी विचारावे, मग रचावे

आरोग्यसेवा करणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करण्याचे काम गेल्या वर्षी आम्हां काही विद्यार्थ्यांकडे आले. मी माझ्या मावशीच्या हाती मोबाईल देऊन म्हटले, “सिकलसेलची तपासणी कोणत्या वारी असते, ते यात शोध.” दहा मिनिटांनी ती म्हणाली, “यात तर साहेबलोकांचे फोटोच दिसून राहिले, बाप्पा!”

तेव्हा मला गडचिरोलीचे उदाहरण आठवले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’चे कार्य आरंभिले. दवाखान्यात का येत नाही, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून प्रेतावरचे वस्त्र आठवते, नातलगांना रोग्याजवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. त्यांतूनच शोधग्रामला झोपड्यांच्या धर्तीचे, नातलगांना सामावून घेणारे रुग्णालय उभे राहिले. त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे.

संकेतस्थळ हेही दवाखान्याचे दारच होय. आम्ही मनोगते व समारंभांची छायाचित्रे मागच्या पानांवर नेली. वार, वेळ, पत्ता व दूरध्वनी ठळक अक्षरांत प्रारंभीच दिले. मावशीला वार चटकन सापडला. लगेच तिने विचारले, “उपाशीपोटी जा लागते का?”

या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पण हे लिहायचे आम्हांला सुचलेच नव्हते. मित्रहो, विचारण्याचे काम एकदा करून संपत नाही, हा धडा मला मावशीने दिला.