तांबे जंतू मारते, तरी हात धुवायचेच

१८८२ साली आपल्या नालासोपाऱ्याच्या स्तूपात तांब्याचा करंडक सापडला. आज हेच तांबे दवाखान्यातही उपयोगी ठरते आहे. खाटेच्या स्टीलच्या कठड्यावर, दाराच्या कडीवर एमआरएसएसारखे औषधांना न जुमानणारे जंतू कित्येक दिवस जगतात. तांब्यातून सुटणारे आयन मात्र जंतूचे आवरण फाडतात. नियमित पुसलेल्या तांब्यावर असे ९९.९ टक्के जंतू दोन तासांत मरतात, हे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ साली मान्य केले. पण त्या दोन तासांत कितीतरी हात तिथे लागतात. म्हणून पेशंटला भेटण्याआधी आणि भेटल्यावर आपण साबणाने हात धुवूया. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचे नाही, सांगितले तर अर्धवट सोडायचे नाही.