रक्तकर्करोगावरील औषधोपचार : पूर्वतयारी आणि गावाची साथ

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्तकर्करोगाने निधन झाले. हा रोग बरा करील असे औषध त्या काळी जगात कोठेही नव्हते. पुढे सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारले; २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोग झालेल्या मुलांचा आजार औषधाने काही काळ मागे हटतो, हे दाखवून दिले. ते औषध भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या संशोधक पथकाने सिद्ध केले होते. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगातून पूर्ण उपचार घेणारी बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. 'पूर्ण उपचार' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

उपचारांचे टप्पे

या प्रकारात पहिला टप्पा सुमारे एक महिन्याचा असतो. या काळात रुग्णालयात किंवा त्याच्या जवळपास राहणे भाग असते. नंतरचे काही महिने उरलेल्या रोगपेशी नष्ट करण्यासाठी औषधे दिली जातात. शेवटचा टप्पा मुख्यत्वे गोळ्यांचा असतो. एकूण उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस गेलेला रुग्ण या शेवटच्या टप्प्यातील बहुतेक दिवस आपल्या गावीच काढतो. म्हणूनच उपचारांचे यश जितके रुग्णालयावर, तितकेच घरावर आणि गावावर अवलंबून असते.

निघण्यापूर्वी

शिधापत्रिका, आधारपत्र आणि सर्व तपासण्यांचे कागद एका पिशवीत ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हे कागद लागतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र असल्यास रेल्वेच्या शयनयान डब्यात रुग्णास पूर्ण भाडेसवलत मिळते. सोबत्यासही सवलत आहे. मुंबईत मुक्कामासाठी दादर येथील श्री गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार मिळतो. चिपळूण तालुक्यात डेरवण येथील वालावलकर रुग्णालयातही कर्करोगावर उपचार होतात.

शक्य असल्यास उपचारांपूर्वी दात तपासून घ्यावेत. काही औषधांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. तरुण रुग्णांनी याविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. प्लेटलेट्स सुमारे पाच दिवसच टिकत असल्याने रक्तदात्यांची गरज पुन्हा पुन्हा भासते. मुंबईतील चाकरमानी मंडळींची यादी ग्रामपंचायतीने करून दिल्यास मोठे साह्य होते.

ताप म्हणजे तातडी

औषधे रोगपेशींबरोबर निरोगी श्वेतपेशीही कमी करतात. त्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास सकाळची वाट पाहू नये. तापाची गोळी देऊन तो दडपू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, जवळचे रुग्णालय गाठावे आणि केमोथेरपी चालू असल्याचे तेथे प्रथम सांगावे. प्रत्येक घरी तापमापक असावा. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होतो, म्हणून पर्यायी मार्ग आणि वाहन आधीच ठरवून ठेवावे.

घरातील दक्षता

पाणी उकळून, अन्न पूर्ण शिजवून व ताजे द्यावे. कालवे, तिसऱ्या, मासळी कच्ची वा अर्धकच्ची देऊ नये. आंबा धुऊन, साल काढून द्यावा. भातलावणीच्या चिखलात रुग्णाने उतरू नये. तोंड आल्यास मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. काही औषधांनंतर लघवी तांबडी होते. ती औषधाच्या रंगामुळे. केस पुन्हा येतात. मात्र नाकातून वा हिरड्यांतून रक्त आल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. अॅस्पिरिन घेऊ नये. झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

मेथोट्रेक्झेटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून ती रोज घेतल्यास प्राणावर बेतते. वार ठरवून भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करावी.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

हा रोग संसर्गजन्य नाही, हे शाळेत आणि वाडीवर स्पष्ट सांगितले पाहिजे. डॉक्टरांच्या अनुमतीने मूल शाळेत येऊ लागल्यावर वर्गात कांजिण्या वा गोवर निघाल्यास शिक्षकांनी पालकांना त्याच दिवशी कळवावे.

सर्वात मोठा धोका मात्र वेगळाच असतो. काही महिन्यांत मुलाच्या चेहऱ्यावर तेज येते, ते खेळू लागते. प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांना कंटाळलेले आईवडील मग उपचार थांबवतात. परंतु बरे दिसणे म्हणजे बरे होणे नव्हे. शरीरात उरलेल्या थोड्या पेशींतून रोग पुन्हा डोके वर काढतो आणि तेव्हा तो अधिक चिवट असतो. ठरलेल्या तारखेस ते कुटुंब मुंबईस गेले की नाही, याची आस्थेने चौकशी करणारा एक शिक्षक, एक सरपंच किंवा एक आशा सेविका गावात असेल, तर सुरू झालेले उपचार शेवटास जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.