बॅकअप चुकला, तर निरोप कोण देणार?

आमच्या माहितीतील एका सूत व्यापाऱ्याची गोष्ट. दुकानाचा सारा हिशेब संगणकावर, आणि रोज रात्री बॅकअप आपोआप होतो अशी त्यांची खात्री. एके दिवशी हार्ड डिस्क गेली. तेव्हा कळले की बॅकअपची डिस्क भरून दोन महिने झाले होते. काम रोज रात्री सुरू होई आणि रोज फसत असे. सांगणारे कोणी नव्हते. उधारीची खाती बिलबुकांवरून पुन्हा उभी करताना त्यांचे काय झाले असेल, ते व्यापारी वाचकांना सांगायला नको.

अनेक बिलिंग सॉफ्टवेअरची माहिती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये साठते. ठरल्या वेळी कामे करून घेणारा त्यातला मुनीम म्हणजे एसक्यूएल सर्व्हर एजंट. काम फसल्यास हाच मुनीम ईमेल पाठवू शकतो. पण तसे त्याला सांगून ठेवावे लागते. आधी आपली आवृत्ती पाहा. फुकट मिळणाऱ्या एक्स्प्रेस आवृत्तीत एजंट नसतो. तेथे विंडोजच्या टास्क शेड्युलरवर बॅकअप चालवावा लागतो आणि पुढची रीत लागू पडत नाही.

मॅनेजमेंट स्टुडिओत 'मॅनेजमेंट'खाली 'डेटाबेस मेल' सापडेल. ही सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. तेथे एक खाते आणि एक प्रोफाइल तयार करावे. जीमेल वापरत असाल तर पोर्ट ५८७, सुरक्षित जोडणीची खूण, आणि पासवर्डच्या जागी 'अ‍ॅप पासवर्ड' द्यावा. तो दुहेरी पडताळणी सुरू केल्यावरच मिळतो. नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून चालत नाही. जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो, आणि मेल गुपचूप बंद पडतात.

आता 'सेंड टेस्ट ई-मेल' करून पाहा. मेल आला की बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी चूक तीच. या चाचणीने टपालपेटी चालते एवढेच कळते. मुनीम त्यात पत्र टाकतो की नाही, हे कळत नाही.

त्यासाठी एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलर्ट सिस्टीम' उघडून मेल प्रोफाइल सुरू करावे आणि एजंट बंद करून पुन्हा चालू करावा. मग 'ऑपरेटर' म्हणून आपला पत्ता नोंदवावा. अर्धविराम देऊन भावाचा किंवा मुलाचाही पत्ता घालता येतो. शेवटी बॅकअपच्या जॉबमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून तो ऑपरेटर निवडावा.

खरी परीक्षा मुद्दाम चूक करून घ्यावी. एक नवा जॉब करा, त्यात 'सिलेक्ट १/०' एवढीच आज्ञा द्या (शून्याने भागाकार होत नाही, म्हणून ती फसणारच), आणि त्यालाही तीच सूचना जोडा. जॉब चालवा. मेल आला तर व्यवस्था ठीक. न आल्यास जॉबच्या हिस्टरीत ऑपरेटरला कळवता आले की नाही ते लिहिलेले असते. तेथे काही अडचण नसेल तर डेटाबेस मेलचा लॉग पाहा. लॉगमध्ये 'सेंट' म्हणजे पत्र मेल सर्व्हरकडे पोहोचले, एवढेच. स्पॅमचा कप्पाही उघडून बघा. काम झाले की हा जॉब काढून टाका.

सूचना 'फसल्यावर' घ्यावी की 'पूर्ण झाल्यावर'? मोठ्या कचेऱ्यांत पहिली पसंत करतात. आमच्या मते छोट्या दुकानदाराने दुसरी घ्यावी. कारण संगणकच बंद असेल तर जॉब सुरू होत नाही, मग फसण्याचा मेल तरी कुठून येणार? रोज सकाळी मेल दिसला पाहिजे. न दिसला तर लगेच चौकशी. शुक्रवारी कारखाना बंद ठेवणाऱ्यांनी गुरुवारी संगणक बंद करण्याआधीची वेळ जॉबला द्यावी. आणि विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये एजंट 'ऑटोमॅटिक' करावा. तो मुळात 'मॅन्युअल' असतो. वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला, तरी मुनीम झोपलेलाच राहतो.